उतरवून घेताना

ऑक्टोबर १९८२ मधल्या दोन तारखा मी टिपणवहीत शेजारीशेजारी लिहून ठेवल्या आहेत. १ ऑक्टोबरला सोनी कंपनीने जपानमध्ये सीडी वाजवणारे पहिले यंत्र विक्रीला आणले. ११ ऑक्टोबरला पिंपरी-चिंचवड नगरपालिकेची महानगरपालिका झाली. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. तरीही आमच्या या औद्योगिक पट्ट्यात आवाज कसा साठला आणि आता तो कसा नाहीसा होतो आहे, हे सांगायचे तर दोन्ही धागे हातात घ्यावे लागतात.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली उभी राहिली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि चिंचवड, भोसरी, आकुर्डीच्या शेतांत कारखान्यांच्या शेड उठू लागल्या. पुढे हा पट्टा नाशिक रस्त्याने चाकणपर्यंत, म्हाळुंगे, निघोजे, खालुंब्र्यापर्यंत पोहोचला. कामाला माणसे आली ती साताऱ्याहून, मराठवाड्यातून, विदर्भातून, कोकणातून. येताना त्यांनी आपापला आवाजही आणला. कोणाचे भजनी मंडळ, कोणाची भीमगीते, कोणाचा गोंधळ, कोणाचे दशावतारी नाटक. पट्ट्याच्या एका अंगाला देहू आणि दुसऱ्या अंगाला आळंदी असल्यामुळे कीर्तन तर इथल्या हवेतच होते. हे सगळे आधी कॅसेटवर आले, मग सीडीवर आले. आता घरोघरी त्या सीडी आहेत आणि त्या वाजवायला यंत्र नाही. नव्या लॅपटॉपला सीडीचा खण नसतो. चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या गाड्यांच्या डॅशबोर्डवरची सीडीची फटही केव्हाच गेली.

सीडीवरचा आवाज संगणकात घेण्याला इंग्रजीत ‘रिपिंग’ म्हणतात. त्या शब्दात ओरबाडण्याचा, फाडून काढण्याचा भाव आहे. मराठीत आपण सहज म्हणतो, ‘उतरवून घे.’ हाच शब्द आपण पोथीसाठीही वापरत आलो. आवाज उतरवून घेणाऱ्या मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअरचा इतिहास वाचताना मला हा जुना शब्द पुन्हा पुन्हा आठवत राहिला. उतरवून घेण्याची दोन अंगे असतात: प्रत बिनचूक करणे आणि ती कशाची आहे हे लिहून ठेवणे. पहिले अंग जगभरच्या हौशी प्रोग्रॅमरांनी आपल्यासाठी जवळजवळ पूर्ण केले आहे. दुसरे मात्र आपल्याकडेच उरले आहे आणि तिथे आपली मोठी हानी होते आहे.

चकतीवर नेमके काय असते

सीडीवर गाण्यांच्या ‘फायली’ असतात, असा सर्वसाधारण समज आहे. तशा त्या नसतात. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून ठरवलेल्या मानकाप्रमाणे आवाजाच्या लहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजली जाते आणि प्रत्येक मोजणी १६ बिटांच्या आकड्यात लिहिली जाते. डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगवेगळी. म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट. हे आकडे एका अखंड सर्पिलाकार रेषेत आतून बाहेर लिहिलेले असतात. चकतीच्या आरंभी एक छोटी सूची असते. कितवे गाणे कोणत्या मिनिटाला, कोणत्या सेकंदाला सुरू होते, एवढेच ती सांगते. गाण्याचे नाव, गायकाचे नाव मूळ मानकात नव्हतेच. ते वेष्टणावरच्या कागदात असायचे.

दुसरी अडचण याहून बारीक आहे. सीडीवर सेकंदाचे ७५ भाग केलेले असतात आणि आवाजाच्या सीडीत प्रत्येक भागात २,३५२ बाइट आवाजच भरलेला असतो. संगणकाच्या माहितीसाठी तीच चकती वापरली, तर त्यातले साधारणपणे २,०४८ बाइटच माहितीला मिळतात. उरलेले ठावठिकाणा आणि जादा चूकदुरुस्ती यांसाठी राखून ठेवतात. आवाजाच्या सीडीला ही जादा तजवीज नाही. तिच्यात चूकदुरुस्ती आहे, पण ओरखडा खोल असला आणि आकडा सापडलाच नाही, तर यंत्र आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाजाने मधला आकडा भरते. ऐकणाऱ्याला कळतही नाही. गाणे ऐकण्यासाठी ही युक्ती उत्तम आहे. प्रत करण्यासाठी ती घातक आहे, कारण अंदाजाने भरलेला आकडा प्रतीत कायमचा उतरतो आणि पुढच्या प्रत्येक प्रतीत तोच मूळ म्हणून मिरवतो. शिवाय आवाजाच्या भागावर नेमका पत्ता नसल्यामुळे वाचन थांबवून पुन्हा सुरू केले की यंत्र किंचित मागे-पुढे उतरते. जोड चुकतो आणि ‘टिक्’ असा आवाज राहतो.

तपासनीसाची नजर

माझी नोकरीची वर्षे एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या तपासणी विभागात गेली. त्यामुळे १९९८ च्या आसपास या अडचणींवर ज्यांनी उपाय काढले, त्यांची रीत मला फार ओळखीची वाटली.

अमेरिकेतील क्रिस्टोफर मॉन्टगोमेरी यांनी ‘सीडीपॅरानॉइया’ नावाचे सॉफ्टवेअर लिहिले. नावातच संशयखोरपणा आहे. ते कोणत्याही वाचनावर विश्वास ठेवत नाही. चकतीचा एक तुकडा वाचते, पुढचा तुकडा वाचताना आधीच्या तुकड्याचा काही भाग पुन्हा वाचते, दोन्हींतला सामाईक भाग तंतोतंत जुळवते आणि जुळला तरच पुढे सरकते. जर्मनीतील आंद्रे वीटहोफ यांचे ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हे विंडोजसाठीचे सॉफ्टवेअरही त्याच सुमारास आले. त्यात प्रत्येक तुकडा निदान दोनदा वाचला जातो आणि वाचने जुळली नाहीत तर तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचून बहुमताने निकाल लावला जातो. शेवटी ते एक अहवाल लिहून देते: कोणत्या गाण्यात, कोणत्या सेकंदाला संशय आहे. आमच्या भाषेत सांगायचे तर जॉब पास झाला की नाही एवढेच सांगून ते थांबत नाही, तपासणीचा कागदही हातात देते.

पण एकच मायक्रोमीटर बिघडलेला असेल, तर त्याच्यावर दहा वेळा मोजूनही दहा वेळा तेच चुकीचे माप येणार. म्हणून दुसऱ्या मापकाशी पडताळा घ्यावा लागतो. ‘अ‍ॅक्युरेटरिप’ या सोयीमागे हीच कल्पना आहे. तुम्ही उतरवलेल्या गाण्याच्या सगळ्या आकड्यांवरून एक छोटी बेरीज काढली जाते आणि जगात इतर कोणी तीच सीडी उतरवली असेल तर त्यांच्या बेरजेशी ती ताडून पाहिली जाते. वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या देशांत, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांची बेरीज एकच आली, तर प्रत शुद्ध आहे असे मानायला हरकत नाही.

इथे एका शब्दाचा खुलासा करायला हवा. इंग्रजीतला ‘फ्री’ हा शब्द फुकट आणि स्वतंत्र अशा दोन्ही अर्थांनी चालतो आणि त्या भाषेतल्या कार्यकर्त्यांना हा फरक समजावता समजावता पुरेवाट झाली. मराठीत ‘मोफत’ वेगळे आणि ‘मुक्त’ वेगळे. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी मोफत आहे, पण त्याची घडण लेखकाने खुली केलेली नाही. सीडीपॅरानॉइया मुक्त आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ज्या ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली, त्या परंपरेतले. मुक्त सॉफ्टवेअर कोणीही उघडून पाहावे, दुरुस्त करावे, पुढे द्यावे. लेखक थकला तर दुसऱ्याने ते चालवावे. रॉबर्ट काउश यांचे ‘फ्रीएसी’ किंवा २००० सालापासूनचे ‘ऑडॅसिटी’ ही सॉफ्टवेअरे आजही घरच्या संगणकावर उतरवता येतात ती याच रीतीमुळे. पैसे वाचतात हा त्यातला लहान लाभ. वीस वर्षांनी आपली प्रत उघडेल की नाही, हे एखाद्या कंपनीच्या मर्जीवर राहत नाही, हा मोठा.

एका रूपातून दुसऱ्या रूपात

उतरवलेला आवाज जसाच्या तसा ठेवला तर ७४ मिनिटांच्या सीडीला सुमारे ७८० एमबी जागा लागते. नव्वदीत एवढी जागा म्हणजे चैन होती. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या एमपीथ्री पद्धतीने हे ओझे अकराव्या हिश्शावर आणले. माणसाच्या कानाला मोठ्या आवाजाच्या आड दडलेला बारीक आवाज ऐकू येत नाही, म्हणून तो टाकून द्यायचा, हे तिचे सूत्र. आळंदी-देहूच्या दुकानांत मिळणाऱ्या एमपीथ्री सीडीवर बारा तासांहून अधिक आवाज मावत असे तो यामुळेच. सप्ताहातली सगळी कीर्तने एका चकतीत!

परंतु या पद्धतीवर पेटंट होती. १९९८ साली फ्राउनहोफरने एमपीथ्री बनवणारी मोफत सॉफ्टवेअरे लिहिणाऱ्यांना परवाना शुल्काची पत्रे धाडली. त्यातून दोन वाटा फुटल्या. माइक चेंग यांनी त्याच वर्षी ‘लेम’ सुरू केले. आधी ते केवळ ठिगळ होते, पुढे मार्क टेलर आणि इतरांनी सगळा कपडाच नवा विणला आणि लेम सर्वांत चांगले एमपीथ्री बनवणारे सॉफ्टवेअर मानले जाऊ लागले. दुसरी वाट मॉन्टगोमेरी यांनी काढली. पेटंटच्या कचाट्यात नसलेली ‘व्हॉर्बिस’ ही नवीच पद्धत त्यांनी उभी केली. तिची पहिली पक्की आवृत्ती जुलै २००२ मध्ये निघाली. एमपीथ्रीचा परवाना कार्यक्रम अखेर एप्रिल २०१७ मध्ये बंद झाला.

या दोन्ही पद्धतींत काही ना काही टाकून दिलेले असते. जॉश कोअलसन यांच्या ‘फ्लॅक’ने २००१ साली तिसरा मार्ग दिला: काहीही न टाकता घडी घालायची. जागा निम्म्याच्या आसपास वाचते आणि घडी उलगडली की मूळचा आकडा न् आकडा परत मिळतो. फ्लॅकच्या फाइलीत मूळ आवाजाची एक पडताळणी-खूणही साठवलेली असते, त्यामुळे पाच वर्षांनी फाइल सडली आहे का ते तपासता येते. डिसेंबर २०२४ मध्ये ही पद्धत इंटरनेटच्या अधिकृत मानकांत दाखल झाली.

घरगुती संग्रह करणाऱ्याने यातून एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे. ठेवणीची प्रत फ्लॅकमध्ये करावी आणि फोनवर ऐकायची प्रत त्यातून एमपीथ्रीत काढावी. उलटे करता येत नाही. एमपीथ्रीचे फ्लॅक केले तर फाइल फुगते, टाकून दिलेले मात्र परत येत नाही. लेथवर घासून गेलेले लोखंड काही पुन्हा चिकटत नाही.

तीस बाइट आणि एक वेलांटी

आवाज आला, रूप ठरले. आता नाव.

सीडीवर नाव नसते, हे वर आलेच आहे. नव्वदीच्या पूर्वार्धात टी कान आणि स्टीव्ह शर्फ यांनी यावर सुंदर तोड काढली. प्रत्येक सीडीवरच्या गाण्यांच्या आरंभवेळा सहसा वेगळ्या असतात. त्यांवरून एक क्रमांक बनवायचा, एकाने त्या क्रमांकापुढे नावे टंकित करून सामाईक यादीत टाकायची, म्हणजे तीच सीडी घालणाऱ्या पुढच्या प्रत्येकाला ती आपोआप मिळतील. ‘सीडीडीबी’ नावाची ही यादी हजारो हौशी हातांनी भरली. पुढे ती विकली गेली, ग्रेसनोट कंपनीची मालमत्ता झाली आणि ज्यांनी नावे टंकित केली त्यांच्याच सॉफ्टवेअरांवर अटी आल्या. त्या रागातून ‘फ्रीडीबी’ जन्मली. ती २०२० साली बंद पडली. रॉबर्ट के यांनी २००० च्या सुमारास सुरू केलेली ‘म्युझिकब्रेन्झ’ ही यादी मात्र सामाईक मालकीची म्हणून टिकून आहे.

मूळ यादीत संगीताची अकरा खाती होती: ब्लूज, जाझ, रॉक, रेगे, कंट्री वगैरे. वारकरी कीर्तन यांतल्या कोणत्या खात्यात टाकायचे? एक तर ‘लोकसंगीत’ किंवा मग ‘संकीर्ण’. एमपीथ्री फाइलीच्या शेपटाला नाव जोडण्याची ‘आयडीथ्री’ नावाची रीत १९९६ साली एरिक केम्प यांनी काढली. तिच्या पहिल्या यादीत ऐंशी प्रकार होते. त्यात पोल्का आहे. ओवी, अभंग, भारूड, पोवाडा, लावणी नाही. यात कोणाचा दुष्टावा नाही. ज्याने यादी केली त्याने आपल्या अंगणातले लिहिले.

त्या रीतीत सगळ्या माहितीला मिळून १२८ बाइट होते आणि शीर्षकाला तीस. इंग्रजीत एका अक्षराला एक बाइट, म्हणून तीस अक्षरे. युनिकोडच्या आज रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही प्रत्येक वेगळे चिन्ह मोजली जातात. म्हणजे तीस बाइटांत दहा चिन्हे. आता ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द मोजा. ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र आणि दीर्घ वेलांटी. अकरा चिन्हे, तेहतीस बाइट. तीसवर कात्री चालली की शेवटची वेलांटी पडते आणि उरतो ‘ज्ञानेश्वर’. ग्रंथाच्या जागी ग्रंथकर्ता! चाकणपासून आळंदी हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून हे उदाहरण मला जास्त लागले.

अर्थात ही मर्यादा पुढच्या आवृत्त्यांनी दूर केली. व्हॉर्बिस आणि फ्लॅक यांनी तर पहिल्यापासूनच नावांसाठी यूटीएफ-८ स्वीकारले आणि लांबीची अडचणच ठेवली नाही. पण सवय लागली ती लागलीच. फोन आणि गाडीतली यंत्रे बराच काळ देवनागरीच्या जागी चौकोनी डबे दाखवत, म्हणून लोक रोमनमध्ये लिहू लागले. ‘ज्ञ’साठी कोणी डी-एन-वाय लिहितो, कोणी जी-वाय, कोणी जे-एन. शोधायला गेले की एक सापडते, दोन निसटतात. वेष्टणावरच्या देवनागरीचीही तीच गत. युनिकोड रूढ होण्याआधी डीटीपीची दुकाने श्रीलिपीसारख्या फॉन्टांत मजकूर जुळवत. ती मूळ फाइल आज मिळाली तरी नेहमीच्या फॉन्टात उघडल्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. रूपांतर करून घेतल्याशिवाय ती वाचता येत नाही.

ज्यांचा पडताळा नाही

नामांकित कंपनीची सीडी असेल तर यातले बरेच सुसह्य आहे. तिच्या हजारो प्रती निघालेल्या असतात, कोणीतरी कुठेतरी ती नीट उतरवलेली असते, यादीत नाव असते. माझी चिंता वेगळ्या सीडींची आहे. भोसरीच्या भजनी मंडळाने वर्गणी काढून शंभर प्रती केल्या. काळेवाडीतल्या जयंतीत शाहिराने गायलेले कोणीतरी मिक्सरवरून थेट घेतले. आळंदीच्या सप्ताहातले कीर्तन ध्वनिक्षेपकवाल्याने सीडीवर भरून दिले. असे आवाज या पट्ट्यात घरोघर पडून आहेत. त्यांचा अ‍ॅक्युरेटरिपमध्ये पडताळा नाही, म्युझिकब्रेन्झवर नोंद नाही. बहुतेक वेळा हातातली प्रत हीच शेवटची प्रत असते.

त्यातून या सीडी छापील नसतात. कारखान्यात बनलेल्या सीडीत खाचा प्लॅस्टिकमध्ये ठशाने उमटवलेल्या असतात. घरी किंवा दुकानात ‘जाळलेल्या’ सीडीत रंगद्रव्याचा थर असतो आणि लेसरने त्यावर डाग पाडलेले असतात. ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो रंग उतरतो. पत्र्याच्या छताखालची खोली तिला मानवत नाही. शिवाय लोक चकतीची चमकती बाजू जपतात आणि वरच्या बाजूवर बॉलपेनने दाबून नाव लिहितात. प्रत्यक्षात आवाजाचा थर वरच्या बाजूलाच, पातळ लाखेच्या खाली असतो. तिथला ओरखडा खालच्या ओरखड्यापेक्षा वाईट.

आमच्याकडे फोर्जिंगच्या प्रत्येक भागावर हीट नंबर ठोकलेला असतो. कोणत्या वितळणीतले पोलाद, ते त्यावरून कळते. माप तंतोतंत आहे, पण हीट नंबर नाही, असा भाग आला की त्याला लाल पट्टी लागते. तो कदाचित उत्तमही असेल, पण त्याची जबाबदारी कोण घेणार? ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ अशा नावांनी पेनड्राइव्हवर पडलेली शेकडो कीर्तने पाहिली की मला ती लाल पट्टी आठवते. आवाज शाबूत, पण कोणाचा, कुठला, कोणत्या सालचा, ते सांगणारा माणूस गेला की सारे संपले.

हे काम नीट करता येते, याचा दाखला इथून लांब नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी पुण्यातून मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतल्या बायकांबरोबर जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या आणि काम राज्यभर पसरत एक लाखाहून अधिक ओव्यांवर गेले. पिठाच्या गिरण्यांनी जाते थांबवले होते, ओव्या फक्त स्मरणात उरल्या होत्या. नव्वदीत फ्रान्सचे संगीत-संगणक अभ्यासक बर्नार्ड बेल त्यांना मिळाले आणि मजकूर व ध्वनिमुद्रणे यांची संगणकीय नोंद उभी राहिली. २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेने त्या ओव्या लोकांपुढे आणल्या. या नोंदीत ओवीबरोबर गाणारीचे नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. विषयवारी परकीय यादीतून घेतलेली नाही, ओव्यांतूनच निघालेली आहे. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने सुरेश चांदवणकर यांच्या पुढाकाराने जुन्या ७८ गतीच्या तबकड्यांसाठी असेच काम केले. तबकडीचा क्रमांक, कलावंत आणि साल यांची चिकाटीने नोंद. दोन्हीकडे मोठा खर्च यंत्राचा नाही, लिहिणाऱ्या हाताचा आहे.

चाकणच्या वह्या

या पट्ट्याला अशा लिहिणाऱ्या हातांची परंपरा आहे. संताजी जगनाडे हे चाकणचे तेली, तुकोबांच्या टाळकऱ्यांपैकी एक. तुकोबांचे अभंग त्यांनी उतरवून घेतले असे परंपरा सांगते. त्यांची समाधी जवळच सुदुंबऱ्याला आहे. दुसरे लेखक गंगाधरपंत मवाळ, खेड तालुक्यातल्याच कडूसचे. वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि तरल्या, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तिचा चमत्कार बाजूला ठेवला तरी एक व्यवहार उरतो: अभंग अनेकांच्या वह्यांत आणि अनेकांच्या कंठात होते, म्हणून एक वही गेल्याने ते जाणार नव्हते.

१८६९ साली इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेची प्रत निघाली, तेव्हा विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या वह्या समोर ठेवून पाठ ताडून पाहिले. पुढे वि. ल. भावे यांनी संताजींच्या वह्यांवरून गाथा छापली. त्याच्याही तीनशे वर्षे आधी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून शुद्ध पाठ सिद्ध केला. वेगवेगळ्या हातांच्या प्रती शेजारी ठेवायच्या, जिथे जुळतात तिथे पुढे जायचे, जिथे जुळत नाहीत तिथे थांबायचे. सीडीपॅरानॉइया आणि अ‍ॅक्युरेटरिप करतात ते याहून निराळे नाही.

आणि पोथी संपली की लेखक शेवटी पुष्पिका लिहीत असे. हा ग्रंथ कोणता, कोणी लिहिला, कोणासाठी, कोणत्या गावी, कोणत्या शकात, कोणत्या तिथीला. मूळ प्रतीत जसे दिसले तसे लिहिले आहे, चुकीचा दोष मला देऊ नये, अशी विनवणीही त्यात अनेकदा असे. ती विनवणी आता लागत नाही, ते काम यंत्राने पत्करले आहे. पुष्पिका मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरला लिहिता येत नाही. ती ज्याला ठाऊक आहे त्यानेच लिहायची.

कायदा या कामाच्या आड येतो का, असे मला नेहमी विचारतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ खासगी वापरासाठी आणि संशोधनासाठी रास्त वापराची मुभा देते. आपल्या घरातली सीडी जतनासाठी उतरवणे आणि तिच्या प्रती वाटणे किंवा विकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे, सादर करणाऱ्या कलावंताचा हक्क ५० वर्षे चालतो, आणि गीत-संगीताचे हक्क त्याहून वेगळे मोजावे लागतात. म्हणून स्थानिक मंडळाची सीडी लोकांपुढे ठेवायची असेल तर आधी मंडळाला, बुवांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारावे. आणि विचारायला गेलेच आहोत तर पुष्पिकेचा मजकूरही तिथेच मिळतो: पखवाजावर कोण होते, चाल कोणाची, कोणत्या साली, कोणाच्या ओसरीवर.

ते सांगू शकणारी पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. सीडीचा रंग आणि माणसांचे स्मरण दोन्ही एकाच वेळी उतरत आहेत आणि त्यात स्मरणाचा वेग जास्त आहे. म्हणून माझा क्रम उलटा आहे. आधी वही घेऊन बसावे, चकती कोणाची ते विचारून देवनागरीत पूर्ण लिहून काढावे, आणि मग संगणक सुरू करावा. सॉफ्टवेअर मोफत आहे, मुक्त आहे, ते उद्याही मिळेल.